कोपऱ्यातला चालू संगणक

१

मधल्या सुट्टीची घंटा झाली, आणि पाठोपाठ संगणकाच्या खोलीतून असा ओरडा आला की मी हातातला खडू तसाच घेऊन धावत सुटले. मी भूमिती शिकवते. शिवाय उपमुख्याध्यापिका आहे, त्यामुळे शाळेत कुठेही ओरडा झाला की तो माझ्या वाट्याचा, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. मुलं माझ्या माघारी मला 'कोनमापक' म्हणतात. मला ते ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नाही, आणि ते तसंच बरं आहे.

आत शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. म्हणजे असायला हवी होती. भिंतीला लागून मांडलेले संगणक काळेठिक्कर पडले होते. काही मुलं उभी राहिली होती, काही कळफलकावर बोटं आपटत होती, एक मुलगी हमसून हमसून रडत होती. बाहेरून आलेले परीक्षक चष्मा हातात धरून मधोमध उभे होते.

"तुमच्या शाळेत परीक्षा घेतात की जादूचे प्रयोग करतात?" त्यांनी मलाच विचारलं.

"काय झालं?" मी मुलांकडे वळले.

"बाई, पडद्यावर पाटी आली," पुढच्या ओळीतला एक मुलगा म्हणाला. "'एका मिनिटात संगणक बंद होणार. आधी सेव्ह, मग बाकीचं.' मग आकडे उलटे पळायला लागले आणि सगळं गुल! माझे दोन प्रश्न राहिले होते."

'आधी सेव्ह, मग बाकीचं' हे आमच्या संगणकाच्या सरांचं पालुपद. तासाला ते इतक्यांदा म्हणतात की मुलं डबा खातानाही एकमेकांना तेच ऐकवतात. सर भिंतीला पाठ लावून उभे होते. चेहरा पांढराफटक पडला होता.

तेवढ्यात खिडकीजवळच्या कोपऱ्यात खुर्ची करकरली. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

त्या कोपऱ्यातला संगणक एकटाच चालू होता. त्याच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, 'उत्तरपत्रिका जमा झाली.' आणि त्याच्यासमोर मांडीवर हात ठेवून बसली होती भिंगरी.

२

भिंगरी हे तिचं टोपणनाव. एका जागी बसणं तिला जमत नाही, म्हणून पडलेलं. मागे एकदा मुख्याध्यापक याच खोलीत शिस्तीवर बोलत होते, तेव्हा खोलीतले सगळे पडदे एकाएकी उलटे झाले. कोण, कोण, असं विचारायच्या आत हिने हात वर केला होता. "मीच केलं, सर. उलटं दिसलं की माणसं नीट बघतात." मुलं खो खो हसली. मुख्याध्यापक हसले नाहीत, आणि विसरलेही नाहीत.

त्यानंतर गेल्या महिन्याभरात दोनदा संगणकाच्या खोलीतले सगळे संगणक आपोआप बंद पडले होते. तीच पाटी, तेच शब्द. दोन्ही वेळा तास संपल्याची घंटा झाली होती, म्हणून मुलं हसत बाहेर पडली आणि आम्ही सगळ्यांनी कानाडोळा केला. आज कानाडोळा करून भागणार नव्हतं. परीक्षकांनी परीक्षा रद्द धरली होती.

"सरांची नक्कल करते, सरांचेच शब्द पडद्यावर टाकते, सगळ्या वर्गाला बुडवते आणि स्वतः तेवढी पार होते!" मुख्याध्यापकांनी आपल्या खोलीतल्या टेबलावर हात आपटला. "शाळा सुटल्यावर समिती बसेल. दाखला हातात द्यायचा आणि मोकळं व्हायचं. वर्तनाचा शेरा मी स्वतः लिहिणार."

असा शेरा असलेला दाखला घेऊन कुठल्याही शाळेच्या दारात उभं राहिलं तरी दार उघडत नाही. मुलीचं वर्ष जाणार होतंच, पण तिचं शिक्षणच तिथे संपण्याची चिन्हं होती.

भिंगरी समोर उभी होती. मी विचारलं, "तुझा संगणक बंद का नाही पडला?"

तिने तोंड उघडलं. दाराशी उभ्या असलेल्या संगणकाच्या सरांकडे एकदा पाहिलं आणि तोंड मिटलं.

"माहीत नाही, बाई."

संगणकातली एखादी गोष्ट भिंगरीला माहीत नाही, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. माझ्या मनात पाल चुकचुकली.

बाहेर बाकावर तिची मावशी बसली होती. इस्पितळातली पाळी संपवून परिचारिकेच्या गणवेशातच आली होती. भिंगरी तिच्याकडेच वाढलेली. मला बघताच ती उठली.

"बाई, घरातलं एक घड्याळ तिने सोडलेलं नाही. सगळी उघडून बसते. पण विचारलं की लगेच कबूल करते, वर कसं केलं तेही सांगते. आज विचारलं तर नुसती बघत राहिली. खोटं बोलली असती तर मी दोन फटके दिले असते. ती गप्प आहे, त्याचीच भीती वाटतेय."

मलाही त्याचीच वाटत होती. खोडी करणारं पोर खोडी मिरवतं. मग ही लपवत काय होती? आणि कोणासाठी?

३

आकृती कितीही खरी दिसली तरी सिद्ध केल्याशिवाय मी गुण देत नाही. शाळा सुटेपर्यंत वेळ होता. मी आधी संगणकाच्या सरांना गाठलं.

"हे करणं कोणाला शक्य आहे?"

"कोणालाही," सर म्हणाले. हातातल्या रुमालाला ते पीळ घालत होते. "अख्ख्या शाळेला एकच पासवर्ड आहे, बाई. पाचवीतल्या मुलांनाही तो पाठ आहे. बदला म्हणून मी किती वेळा सांगितलं. मुख्याध्यापक म्हणतात, ही शाळा आहे, तिजोरी नव्हे."

"पण एका जागी बसून इतके संगणक बंद करायचे कसे?"

"प्रत्येक संगणकाला आतून एक नाव दिलेलं असतं. बाहेर चिकटवलेला क्रमांक आपल्या सोयीसाठी, नेटवर्क आतल्या नावाने ओळखतं. शाळेतल्या कुठल्याही संगणकावरून नावं टाकायची आणि हुकूम सोडायचा. ज्याचं नाव घेतलं तो बंद."

"घंटा झाली तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"मुलांसमोर. पर्यवेक्षकाला खोली सोडता येत नाही, संगणकाला हात लावता येत नाही, फोनसुद्धा बाहेर ठेवावा लागतो. परीक्षकांना विचारा."

मी विचारलं. खरं होतं. सर सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यांच्या डोळ्यांसमोर होते, बोटही कशाला लावलं नव्हतं. एकदा फक्त दारापर्यंत आले होते, ते मलाही आठवलं. परीक्षा सुरू झाल्यावर मी तिथून चालले होते, तेव्हा ते अडवून म्हणाले होते, "बाई, पाच मिनिटं माझ्या जागी उभ्या राहता का? जरा जाऊन येतो." कपाळावर घाम होता. माझा वर्ग खोळंबला होता. "जरा कळ काढा," असं म्हणून मी पुढे गेले होते.

मग मी मुख्याध्यापकांकडे मोर्चा वळवला. ते त्या वेळी आपल्या खोलीत एकटेच होते, दार लावून, संगणकासमोर. आणि भिंगरी शाळेतून गेली तर सगळ्यात गाढ झोप त्यांनाच लागणार होती.

"परीक्षेआधी मुलांना दोन शब्द सांगितले आणि इथे येऊन बसलो," ते म्हणाले.

त्यांचे दोन शब्द मला चांगले माहीत आहेत. चांगला पाव तास चालतात.

"आणि तुमचे ते संगणकाचे सर! मी बोलतोय तर दोनदा मध्ये तोंड घातलं. सर, उशीर होतोय, सर, मुलांना बसू द्या. काही पाचपोच?"

"दार लावून काय करत होतात?"

ते लालबुंद झाले. "मी काय करत होतो, हे तुम्ही मला विचारणार?"

संगणकाची पाठ माझ्याकडे होती. पण त्यांच्यामागे काचेचं कपाट आहे, आणि त्या काचेत पडदा लख्ख दिसत होता. लाल काळे पत्ते, अर्धवट लावलेला डाव. म्हणजे या डावाच्या लाजेने ते लाल झाले होते, की डावाआड आणखी काही होतं?

मी बाहेर पडले. शाळेत संगणकाशी रोज काम असणारं आणखी एक माणूस होतं.

४

ग्रंथालयाच्या दारावर 'शांतता राखा' अशी पाटी आहे. आत पाऊल टाकलं तर टेबलाखालून किंचाळण्याचा आवाज येत होता.

"हे काय, कोणी मांजर कोंडलंय का?"

ग्रंथपाल बाई दचकल्या. "पंखा आहे, बाई. संगणकाच्या आतला." आणि मी काही विचारायच्या आत त्यांनी स्वतःच सुरू केलं. "तुमचा गोंधळ चाललाय, म्हणून मी बोलले नाही. पण घंटेला माझाही संगणक बंद पडला. तीच पाटी! आधी सेव्ह, मग बाकीचं. मी पुस्तकांची नोंद करत होते, पाटी वाचली आणि सेव्ह केलं म्हणून नोंद राहिली."

मी जागच्या जागी थांबले. "ग्रंथालयातला? कचेरीतला पडला का? शिक्षकांच्या खोलीतला?"

"नाही. मी विचारून आले. माझा एकटीचाच."

परीक्षेच्या खोलीतला एक वाचला होता, आणि ग्रंथालयातला एक उगाचच मेला होता. खोडसाळ माणसाला ग्रंथपाल बाईंशी काय देणंघेणं असणार? मी खाली वाकून त्या किंचाळणाऱ्या डब्याकडे पाहिलं.

"हा आवाज कधीपासून?"

बाई पदराशी खेळायला लागल्या. "कालपासून."

"आणि कालच्याआधी?"

"कालच्याआधी... बाई, ओरडणार नसाल तर सांगते."

"ओरडणार नाही," मी म्हणाले. माझ्या ओरडण्याची ही ख्याती मला तेव्हा अजिबात आवडली नाही.

"काल शाळा सुटल्यावर भिंगरी आली होती. परीक्षेत तिची जागा कोपऱ्यात आली. तिथल्या संगणकाचा पंखा किंचाळतो, शेजारच्या मुलांना काही सुचणार नाही, म्हणाली. सर लवकर घरी गेले होते. मी म्हटलं, परीक्षा होईपर्यंत माझा ने. आम्ही दोघींनी डबे उचलून अदलाबदल केली. परीक्षकांचा घोळ नको म्हणून क्रमांकाची चिठ्ठीसुद्धा काढून इकडची तिकडे लावली. परवानगी घेतली नाही, हे चुकलंच."

"सरांना सांगितलंत?"

"कोणालाच नाही. दोन्ही डबे दिसायला अगदी सारखे. कोणाला कळणार होतं?"

मी स्टुलावर बसले. सकाळपासून सगळ्यांनी जी आकृती बघितली होती ती अख्खी उलटी होती. पण सरळ करून पाहिल्यावर जो चेहरा समोर आला, तो मला बघावासा वाटेना.

५

समिती मुख्याध्यापकांच्या खोलीत बसली. परीक्षक होते, संगणकाचे सर होते, ग्रंथपाल बाईंना मी ओढून आणलं होतं. भिंगरी मावशीला चिकटून उभी होती. टेबलावर दाखला तयार होता, फक्त सही व्हायची राहिली होती.

"सही करण्याआधी मला एक सिद्ध करायचंय," मी म्हणाले, आणि अदलाबदलीची हकिकत सांगितली. मुख्याध्यापकांच्या भुवया वर गेल्या.

"म्हणजे कट आधीच शिजला होता!"

"ऐकून तर घ्या. हुकूम संगणकाच्या आतल्या नावाने सुटतो. कोपऱ्यातल्या संगणकाचं नाव हुकमात होतं. तो बंदही पडला, फक्त तेव्हा तो ग्रंथालयात होता. म्हणजे भिंगरीला कोणीच वगळलं नव्हतं. हुकूम सोडणाऱ्याच्या समजुतीप्रमाणे तिचाही संगणक बंद व्हायला हवा होता. त्याला अदलाबदलीचा पत्ताच नव्हता. भिंगरीने तर तो डबा स्वतः उचलून नेला. स्वतःला वाचवायचं असतं तर कोपऱ्यातल्या जुन्या नावाला तिने हातच लावला नसता, ग्रंथालयातला संगणक उगाच का बंद केला असता? आणि सगळेच बंद करायचे असते, तर कोपऱ्यात आणलेल्या डब्याचं नाव टाकणं तिला सहज जमलं असतं."

परीक्षक पुढे सरकून बसले. "बरोबर आहे. मग कोण?"

"आता घंटेकडे बघा. आधी दोनदा संगणक बंद पडले ते तासाच्या शेवटी, घंटेला. आजही घंटेलाच. परीक्षा वेळेवर सुरू झाली असती, तर घंटेच्या आत सगळ्या उत्तरपत्रिका जमा होऊन मुलं उठली असती. एकाचंही नुकसान झालं नसतं. हे करणाऱ्याला मुलांना बुडवायचं नव्हतं. बुडवणारा माणूस मिनिटभराची सवड देत नाही, आधी सेव्ह करा असं सांगत नाही."

"मग परीक्षा मध्येच कशी सापडली?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"तुमच्या दोन शब्दांमुळे."

ते गप्प झाले. हा योग वर्षातून क्वचित येतो.

"भाषण लांबणार हे आदल्या दिवशी कोणाला माहीत असणार? म्हणजे हुकूम आधीच लावून ठेवलेला होता, गजर लावावा तसा. गजर लावताना जागं असावं लागतं, वाजताना नाही. म्हणून घंटेच्या वेळी कोण कुठे होतं, याला काही अर्थच नाही. अर्थ आहे तो भाषण लांबलं तेव्हा कोणाच्या तोंडचं पाणी पळालं याला. मुख्याध्यापकांच्या नाही. ते मजेत बोलत होते, नंतर संगणकासमोर बसले होते. त्यांचा हुकूम असता तर त्यांनी तो तिथल्या तिथे रद्द केला असता. ग्रंथपाल बाईंनाही रद्द करता आला असता, आणि अदलाबदल तर त्यांनीच केली होती. रद्द करता येत नव्हता तो एकाच माणसाला. त्याला खोली सोडता येत नव्हती. संगणकाला हात लावता येत नव्हता. त्याने भाषण दोनदा थांबवून पाहिलं. मग दारात येऊन पाच मिनिटं मागितली. मीच दिली नाहीत."

मी हातातला खडू टेबलावर ठेवला.

"पुढचं वाक्य मी म्हणणार नाही. ते ज्याचं आहे त्याने म्हणावं."

६

संगणकाच्या सरांनी हात वर केला. वर्गातलं मूल करतं तसा, कोपर टेबलावरून न उचलता.

"मी केलं," ते म्हणाले. "पासवर्ड बदला म्हणून घसा कोरडा झाला. कोणी ऐकेना. दोनदा तासाच्या शेवटी संगणक बंद पाडूनही कोणी लक्ष दिलं नाही. वाटलं, परीक्षा संपता संपता बाहेरच्या परीक्षकांदेखत सगळे संगणक बंद पडले, की ऐकावंच लागेल. काल घरी जायच्या आधी लावून ठेवलं. मुलांचं काही बिघडू नये म्हणून घंटेची वेळ धरली." त्यांनी रुमाल तोंडावरून फिरवला. "भाषण संपेना, आणि ते रद्द करायला मला खोली सोडता येईना."

"परीक्षकांना सांगता आलं असतं," मी म्हणाले. "एक वाक्य पुरलं असतं."

"नोकरी गेली असती, बाई."

"आणि हिचं वर्ष गेलं असतं त्याचं काय?"

मला त्या माणसाचा संताप आला. त्याच वेळी कीवही आली, आणि ती कीव मला मुळीच नको होती. शाळेत मुलांची एक ओळ पुसली गेली तर ज्याचा जीव खालीवर व्हायचा, तोच माणूस सकाळपासून एका मुलीचं अख्खं आयुष्य पुसलं जाताना बघत उभा होता.

मुख्याध्यापकांनी दाखला उचलला, उभा फाडला, आडवा फाडला आणि तुकडे कुठे टाकावेत हे न सुचून खिशात घातले. "परीक्षा पुन्हा घ्या," ते परीक्षकांना म्हणाले. "मी येणार नाही बोलायला." मग सरांकडे न बघता म्हणाले, "तुमचं काय करायचं ते उद्या ठरेल. पण पासवर्ड आज बदलून जा."

मावशीने डोळे पुसले आणि भिंगरीचा दंड धरला. "चल घरी." दारापाशी सर वाटेत उभे होते. ते बाजूला झाले नाहीत.

"तुला अदलाबदल माहीत होती," ते हळूच म्हणाले. "ती नुसती सांगितली असतीस तरी सुटली असतीस. का नाही बोललीस?"

भिंगरीने त्यांच्याकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदा तिचे डोळे भरले होते.

"तुम्ही दारात बाईंना अडवलंत ते मी पाहिलं होतं. शेजारच्या पडद्यावर पाटी वाचली, तेव्हाच मला कळलं होतं, सर," ती म्हणाली. "अदलाबदल सांगितली असती तर बाईंनी तुम्हाला लगेच ओळखलं असतं. मला वाटलं, तुम्ही स्वतःच सांगाल. मी वाट बघत होते."

सर बाजूला झाले. ती मावशीबरोबर जिना उतरून गेली, आणि ते बराच वेळ त्या रिकाम्या जिन्याकडे बघत उभे राहिले.